भूमिकेचा चेहरा, स्वतःचा चेहरा

रंगमंचावर, कॅमेऱ्यासमोर किंवा गाण्याच्या बैठकीत वावरणाऱ्या तरुण मुलामुलींना आपल्या दिसण्याविषयी जी सततची धास्ती वाटत असते, तिला या लेखात 'रूपचिंता' असे म्हटले आहे. प्रयोगापूर्वी पोटात येणारा गोळा हा तिच्याहून वेगळा असतो, कारण तो बहुतेक कलावंतांच्या बाबतीत पहिली दोन वाक्ये तोंडातून बाहेर पडताच विरघळतो आणि त्यातून निर्माण होणारी सावधता कामाला उपयोगीही पडते. रूपचिंता मात्र प्रयोगाच्या कितीतरी आधी सुरू होते, प्रयोग चालू असताना लक्ष पोखरते आणि पडदा पडल्यानंतर छायाचित्रे हातात आली की नव्याने डोके वर काढते. इंदुरातील मराठी घरांमध्ये गाणे, नृत्य आणि नाटक यांचे शिक्षण आवर्जून दिले जाते, होळकरांच्या काळापासून येथे मराठी रंगभूमीला प्रेक्षक आहे, बाबा डिके यांच्या 'नाट्यभारती'सारख्या संस्थेने येथे नट घडवले आणि 'सानंद न्यास'च्या प्रयोगांना आजही कुटुंबेच्या कुटुंबे जातात. त्यामुळे हा प्रश्न या शहरातील पालक, शिक्षक आणि तरुण कलावंत यांच्या अगदी दाराशी उभा आहे.

तो आजचा किंवा मोबाइलने जन्माला घातलेला प्रश्न आहे, ही समजूत मात्र सोडून द्यावी लागते. लता मंगेशकर यांचा जन्म 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदुरात झाला. 1942 मध्ये वडील मास्टर दीनानाथ यांचे निधन झाल्यावर घर चालवण्यासाठी, वयाच्या तेराव्या वर्षी, त्यांना चित्रपटांत छोट्या भूमिका कराव्या लागल्या. त्या दिवसांत आपल्या भुवया जाड आहेत म्हणून त्या कोरण्यात आल्या, कपाळावरची केशरेषाही कापून मागे नेण्यात आली आणि याचा आपल्याला धक्का बसला, असे त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितले आहे. चेहऱ्याला रंग लावणे, प्रखर दिव्यांखाली उभे राहणे आणि कोणाच्या तरी हुकमाने हसणे-रडणे त्यांना कधीच रुचले नाही. ज्या मुलीच्या आवाजाने पुढे सारा देश भारून गेला, तिच्याकडे पाहताना त्या क्षणी कोणाच्या तरी नजरेत फक्त भुवया भरल्या होत्या, ही गोष्ट प्रत्येक पालकाने आणि दिग्दर्शकाने मनाशी धरावी इतकी बोलकी आहे.

मराठी रंगभूमीचा इतिहास याहून गुंतागुंतीची साक्ष देतो. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (1888–1967) हे पुरुष नट होते, तरीही विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांच्या लुगडे नेसण्याची, गजऱ्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करत असत, म्हणजे मराठी स्त्रीसौंदर्याचा त्या काळातील एक मापदंड रंगभूषा आणि वेशभूषा यांच्या साहाय्याने एका पुरुषाने उभा केला होता. सौंदर्याचे मापदंड निसर्गाने ठरवून दिलेले नसतात, ते घडवले जातात, हे समजावून सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. त्याच बालगंधर्वांचे शरीर पुढे स्थूल झाले, वय उलटले, तरी ते नायिकेच्या भूमिकेत उभे राहत होते आणि त्यांच्या गाण्यासाठी रसिक येत होते. इंदूरच्या संगीतपरंपरेत उस्ताद अमीर खाँ (1912–1974) यांची बैठक आठवावी. डोळे मिटलेले, हातवारे जवळजवळ नाहीत, चेहरा स्थिर, आणि श्रोत्याचे सारे लक्ष स्वराकडे. पाहणाऱ्याची नजर कोठे न्यायची हे काही अंशी कलावंताच्या हाती असते, हे या गायकाने अनेक वर्षे दाखवून दिले.

रूपचिंता मनात कशी काम करते, हे समजून घेतल्याशिवाय तिच्यावरचे उपाय नीट लागू पडत नाहीत. आपले शरीर कसे आहे याविषयी प्रत्येकाच्या मनात एक चित्र असते, त्याला मानसशास्त्रात 'देहप्रतिमा' म्हणतात, आणि हे चित्र आरशातील प्रतिबिंबाशी जुळेलच असे नसते, कारण ते इतरांच्या शेऱ्यांतून, तुलनेतून आणि आठवणींतून तयार झालेले असते. माणूस स्वतःची किंमत शेजारच्याशी ताडून ठरवतो, या प्रवृत्तीला लिऑन फेस्टिंगर या अभ्यासकाने 1954 मध्ये 'सामाजिक तुलना' असे नाव दिले. पूर्वी ही तुलना वर्गातील किंवा नाटकाच्या चमूतील दहा-बारा चेहऱ्यांशी होत असे. आता ती फिल्टरने गुळगुळीत केलेल्या अगणित चेहऱ्यांशी होते, एवढाच फरक पडला आहे आणि तो फरक लहान नाही. इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीचे अंतर्गत संशोधन 2021 मध्ये बाहेर आले, तेव्हा आपल्या शरीराविषयी वाईट वाटत असताना या माध्यमामुळे ते अधिकच वाईट वाटते, असे 32 टक्के किशोरवयीन मुलींनी सांगितल्याचे त्यात नोंदलेले होते.

कलावंताच्या दृष्टीने तिसरी संकल्पना सर्वांत महत्त्वाची आहे. माणूस स्वतःच्या शरीराकडे आतून अनुभवण्याऐवजी बाहेरून, पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी, जणू ती एखादी वस्तू आहे अशा रीतीने पाहू लागतो, तेव्हा त्याला 'स्व-वस्तूकरण' म्हणतात. बार्बरा फ्रेडरिकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतील विद्यार्थ्यांना आरसा असलेल्या खोलीत एकटे बसवून काहींना पोहण्याचा पोशाख आणि काहींना स्वेटर घालण्यास दिला आणि त्याच वेळी गणिते सोडवण्यास सांगितले. पोहण्याच्या पोशाखातील मुलींची गणिते स्वेटर घातलेल्या मुलींच्या तुलनेत अधिक चुकली. खोलीत त्यांना पाहणारे कोणीही नव्हते, तरीही मनाचा एक हिस्सा स्वतःला पाहण्यात गुंतला होता. दंडाचा घेर लपेल अशा बेताने हात धरणारी नर्तकी किंवा नाकाची डावी बाजू प्रेक्षकांना दिसू नये म्हणून मान वळवून संवाद म्हणणारा नट याच अवस्थेत असतो. त्याचा ताल चुकतो, समोरच्या पात्राचे वाक्य कानांवर पडते पण पोचत नाही, आणि दिग्दर्शक त्याला 'मन लावून कर' असे म्हणतो, तेव्हा मन नेमके कोठे लागले आहे हे कोणीच विचारत नाही.

म्हणून पहिली पायरी ही की, कलेला शरीराकडून खरोखर काय हवे आहे आणि बाजाराला काय हवे आहे, यांत स्पष्ट भेद करावा. नटाचे शरीर हे त्याचे वाद्य आहे, हे खरे आहे, आणि कथकच्या विद्यार्थ्याने पायांत बळ व छातीत दम राखावा, गायकाने झोप व आवाज सांभाळावा, नटाने कणा ताठ ठेवावा, या अपेक्षा रास्त आहेत. परंतु वाद्य सुरात लावणे निराळे आणि त्याला दुकानाच्या काचेत मांडण्यासाठी चकचकीत करणे निराळे. कोणतीही सूचना आली की तिचे कारण भूमिकेच्या भाषेत सांगता येते का, हे तपासावे. 'दुसऱ्या अंकातील धावण्याच्या प्रसंगानंतर लगेच गाणे आहे, म्हणून दम वाढवायला हवा' ही सूचना भूमिकेतून आलेली आहे. 'दोन आठवड्यांत चार किलो उतरव, स्टेजवर बरी दिसशील' ही सूचना भूमिकेतून आलेली नाही आणि आरोग्याला धरूनही नाही. तरुण कलावंताने अशा वेळी नम्रपणे, पण स्पष्ट शब्दांत, 'सर, पात्राच्या दृष्टीने यातून काय साधायचे आहे?' असे विचारावे. हा प्रश्न उद्धट नाही, तो नाट्यप्रशिक्षणाचाच भाग आहे, आणि चांगला दिग्दर्शक त्याचे स्वागतच करतो.

या भेदाला आपल्या शास्त्राचाही आधार आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी अंगाच्या हालचालींतून होतो तो आंगिक, वाणीतून होतो तो वाचिक, अंतःकरणातील भावावस्थेतून प्रकटतो तो सात्त्विक आणि वेश, अलंकार व रंग यांच्या योगाने बाहेरून आणला जातो तो आहार्य होय. जन्मजात देखणेपणाला या चौकटीत अभिनयाचा पाचवा प्रकार म्हणून जागा नाही. शिवाय आहार्याच्या विवेचनात सित, पीत, नील आणि रक्त म्हणजे पांढरा, पिवळा, निळा व लाल हे मूळ रंग मानून त्यांच्या मिश्रणातून पात्रानुरूप अंगवर्ण कसा तयार करावा हे सांगितले आहे, याचा अर्थ नटाची स्वतःची कांती ही भूमिकेची अट नसून रंगवण्याचा पृष्ठभाग आहे, असे त्या परंपरेने धरले होते. सावळ्या मुलीला राणीची भूमिका देण्यास जो आजचा संयोजक कचरतो, तो परंपरेचे नाव घेत असला तरी परंपरा त्याच्या बाजूने नाही.

घरातील बोलण्याकडे यापुढे अधिक बारकाईने पाहावे लागेल. मराठी घरांत 'रंग जरा दबलेला आहे, पण नाकीडोळी नीटस आहे' असे वाक्य कौतुक म्हणून उच्चारले जाते आणि त्यातील 'पण' हा लहानसा शब्द ऐकणाऱ्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षे रुतून बसतो. उन्हाळ्याच्या सुटीनंतर भेटलेली आत्या 'काळवंडलीस ग' म्हणते, दिवाळीत मामा 'अंग धरलंस' म्हणतो, आणि गॅदरिंगचे छायाचित्र पाहताना आजी सर्वांत आधी कोण गोरी दिसते आहे ते सांगते. यांपैकी कोणाचाही हेतू दुखावण्याचा नसतो, तरी ज्या मुलीला दर आठवड्याला लोकांसमोर उभे राहायचे आहे तिच्यासाठी हे शब्द निकालपत्रासारखे असतात. पालकांनी वडीलधाऱ्यांशी भांडण न उकरता संभाषण कामाकडे वळवावे. 'आजी, तिने यंदा पहिल्यांदाच पाऊण तास न थांबता नाच केला' असे एक वाक्य त्या क्षणी पुरते. विठ्ठलाला ज्या समाजाने सावळा म्हणून डोळे भरून पाहिले, त्या समाजाला आपल्या लेकीच्या सावळेपणासाठी सबब शोधावी लागावी, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे.

गोरेपणाच्या हव्यासाला व्यापारानेही खतपाणी घातले. 'फेअर अँड लव्हली' हे क्रीम भारतात 1975 मध्ये बाजारात आले आणि त्याच्या नावातील गोरेपणा कंपनीने 2020 मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनी काढला. सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नये, असे जाहिरातींसाठीचे मार्गदर्शक तत्त्व जाहिरात मानक परिषदेने 2014 मध्ये घालून दिले. मात्र तरुण कलावंतांना याहून मोठा धोका औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या मलमांपासून आहे. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावे असलेली स्टेरॉइडयुक्त मलमे त्वचेच्या ठरावीक आजारांवर, ठरावीक दिवसांसाठी द्यायची औषधे आहेत, पण ती 'चेहरा उजळतो' म्हणून मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे जातात. सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुळ्या व केस वाढतात आणि मलम थांबवले की आग होऊन चेहरा लाल पडतो, म्हणून पुन्हा तेच लावले जाते. सरकारने 2018 मध्ये अशा अनेक मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याच्या यादीत आणले. ज्यांनी ती महिनोन् महिने वापरली आहेत त्यांनी ती एकदम बंद करण्याचा प्रयोग घरी करू नये, त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन टप्प्याटप्प्याने सुटका करून घ्यावी. घटकांची यादी नसलेली, कोठे तयार झाली हे न सांगणारी उजळ करणारी क्रीमे तर घरात आणूच नयेत, कारण अशा क्रीमांत पारा सापडतो आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडांना इजा करू शकतो.

रंगपटातील स्वच्छतेचा मुद्दा साधा आहे, पण दुर्लक्षित आहे. स्नेहसंमेलनात एकच ओला स्पंज दहा मुलांच्या चेहऱ्यांवरून फिरतो, एकच काजळकांडी रांगेतील प्रत्येकीच्या डोळ्यांत जाते, आणि दुसऱ्या दिवशी उठलेल्या पुळ्यांना किंवा आलेल्या डोळ्यांना मुले 'माझा चेहराच वाईट' असे समजतात. प्रत्येकाने आपला स्पंज, पफ आणि काजळ स्वतंत्र ठेवावे आणि रंग लावणाऱ्या व्यक्तीला मुलीचा रंग दोन छटा उजळ करू नये असे आधीच सांगावे. त्वचेला जुळणारा पॅनकेक मिळतो, तो निवडण्यास थोडा वेळ लागतो इतकेच.

आरसा आणि मोबाइल यांच्याशी कसे वागावे, याविषयी काही ठाम नियम करणे हितकारक ठरते. आरसा कामासाठी वापरावा, म्हणजे मुद्रा, हस्त, पदन्यास तपासण्यासाठी; आणि तालमीचा काही भाग आरशाला पाठ करून किंवा त्यावर चादर टाकून करावा, म्हणजे शरीर आतून जाणवू लागते. प्रयोगाचे चित्रीकरण त्याच रात्री पाहू नये. दोन दिवसांनी, शिक्षकाबरोबर, हातात वही घेऊन पाहावे आणि वहीत फक्त कामाविषयीच्या नोंदी कराव्यात, जसे की कोठे श्वास कमी पडला, कोठे शब्द गिळला गेला. रीळ टाकणे हा आज अनेकांच्या व्यवसायाचा भाग झाला आहे, त्यामुळे ते बंद करा असा उपदेश निरुपयोगी आहे, परंतु चेहऱ्याचा आकार बदलणारे फिल्टर टाळावेत, कारण महिनोन् महिने स्वतःचे अरुंद केलेले नाक पाहिल्यावर खरे नाक परके वाटू लागते. प्रतिक्रिया वाचण्याचे काम काही काळ भावंडाकडे किंवा मित्राकडे सोपवता येते. ऑडिशनला जाताना नकाराची कारणे अनेक असतात हे आधीच मनाशी धरावे, कारण कित्येकदा उंचीची जोडी, वयाचा मेळ किंवा आधीच ठरलेले नाव यांमुळे निवड होत नाही, आणि कारण कळत नाही तेव्हा तरुण मन ते स्वतःच्या चेहऱ्यात शोधते. इंदूरचेच स्वानंद किरकिरे यांना 'चुंबक' या मराठी चित्रपटातील मंदगती, भाबड्या माणसाच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो त्या माणसाचे मन पडद्यावर आणल्याबद्दल.

मुलगे या चिंतेतून सुटलेले नाहीत. त्यांच्या बाबतीत ती पीळदार दंड, उंची आणि केस यांवर येऊन बसते, आणि शरीर कमावलेले असूनही आपण किरकोळ आहोत असे सतत वाटत राहणे ही ओळखली गेलेली मानसिक अवस्था आहे. व्यायामशाळेत कोणी इंजेक्शन किंवा अनोळखी गोळ्या सुचवल्या तर त्या घेऊ नयेत. मुलगे याविषयी बोलत नाहीत, म्हणून त्यांना विचारावे लागते.

साधी रूपचिंता आणि आजार यांतील सीमारेषा घरच्यांना ओळखता आली पाहिजे. इतरांना न दिसणारे किंवा अगदी किरकोळ असलेले शारीरिक व्यंग मोठे वाटून त्यावर दिवसाचा तासाहून अधिक वेळ विचार करणे, आरसा पुन्हा पुन्हा पाहणे किंवा उलट आरसा पूर्ण टाळणे, चेहरा झाकणे, 'मी विचित्र दिसते ना?' असे दिवसातून अनेकदा विचारणे आणि कितीही समजूत घातली तरी समाधान न होणे, यांतून 'बॉडी डिसमॉर्फिक डिसऑर्डर' हा आजार सूचित होतो. इटलीतील एन्रिको मोर्सेली या वैद्याने त्याचे वर्णन 1891 मध्येच केले होते. हा आजार साधारण शंभरात दोघांना होतो आणि बहुतेकदा किशोरवयात सुरू होतो. तो नखरा नाही, गर्वही नाही, आणि शस्त्रक्रियेने नाक बदलूनही तो सहसा जात नाही, कारण तक्रार नाकाची नसून नाकाकडे पाहणाऱ्या मनाची असते. विचारांची व वर्तनाची पद्धत हळूहळू बदलणारी बोधात्मक वर्तनोपचार पद्धती आणि गरजेनुसार औषधे यांचा त्यावर चांगला उपयोग होतो. त्याचप्रमाणे जेवण चुकवणे, जेवल्यावर लगेच न्हाणीघरात जाणे, नृत्य करणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने न येणे, लहानशा उडीने हाड दुखावणे, ही लक्षणे शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची आहेत आणि त्यांकडे 'शिस्त' म्हणून पाहणे घातक ठरते.

अशा वेळी इंदुरात महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाता येते. घरातून बाहेर पडणेही अवघड वाटत असेल तर केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसाच्या कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते. जगण्यात अर्थ नाही असे बोलणे कानांवर आले, तर प्रयोग, परीक्षा आणि लोक काय म्हणतील हे सारे बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी, कारण या आजारात आत्महत्येच्या विचारांचा धोका खरा असतो.

चौदा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांच्या हाती कायद्याचेही बळ आहे. बालमजुरी कायद्याखालील 2017 च्या सुधारित नियमांनुसार बालकलाकाराकडून दिवसात पाच तासांहून अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक काम घेता येत नाही, त्याच्या मिळकतीपैकी किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी लागते आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करता येत नाही. केस कापणे, भुवया कोरणे, त्वचा उजळवणे यांसारख्या मागण्या आल्या की पालकांनी हीच इच्छेची अट पुढे करावी, मुलाला बाजूला नेऊन विचारावे आणि त्याने नकारार्थी मान हलवली तर ती मागणी तेथेच नाकारावी. संस्थांनीही निवडीच्या अर्जावरील 'वर्ण' आणि 'वजन' हे रकाने काढून टाकावेत. पोशाखाची मापे वेशभूषाकाराने एकांतात घ्यावीत आणि मोठ्याने वाचू नयेत. पहिल्या रांगेत कोण उभे राहील हे नृत्याच्या तयारीवरून ठरवावे आणि तसे मुलांना सांगावे.

प्रयोग संपल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत नाजूक असतो, आणि त्यासाठी घरच्यांनी आधीपासून तयारी ठेवावी. खोबरेल तेल चोळून, कापसाने हलक्या हाताने पुसत रंग उतरवताना आरशात आधी राणी असते, मग डागाळलेला मुखवटा असतो आणि शेवटी थकलेली, घामेजलेली सोळा वर्षांची मुलगी असते. त्या वेळी आईने किंवा ताईने शेजारी स्टुलावर बसावे, मोबाइल पिशवीत ठेवावा, अंबाड्यातील आकडे एकेक करून काढावेत आणि छायाचित्रे कशी आली आहेत हे न सांगता, तिसऱ्या प्रवेशात ती वाक्य विसरली असताना तिने ते कसे सावरले, हे आधी विचारावे.